भरतीच्या रेषेवरचा शॉट

कोळ्याच्या पोटी जन्मून सदाला बोट लागायची. अठ्ठेचाळीस सालच्या जानेवारीत तो आईबरोबर मुरुडला उतरला तो पडावाच्या कडेवरून ओकतच. किनाऱ्यावर बघे होतेच. त्यातला एक म्हणाला, "रामचंद्राचा पोर ना रं ह्यो? आल्या आल्या दर्याला जेवन घालतोय." सगळे हसले. सदाने तोंड पुसून वर पाहिलं. बाप ज्याला जन्मभर आपलं गाव म्हणत आला, ते गाव सोळाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा पाहिलं ते असं.

बाप रामचंद्र मुरुडच्या कोळीवाड्यातलाच. लग्न झाल्यावर कराचीला गेला. कोकणातली माणसं तेव्हा कराचीला जात, मुंबईला जावं तशी. त्यात कुणाला नवल वाटत नसे. कियामारी बंदरात येणाऱ्या जहाजांना वाट दाखवणारा साहेब ज्या लाँचमधून जाई, त्या लाँचवर रामचंद्र खलाशी होता. सदा तिकडेच जन्मला. मराठी शाळेत शिकला, गल्लीत सिंधी बोलला आणि उरलेला वेळ सिनेमाच्या थेटरात ऑपरेटरच्या खोलीत काढला. फाळणी झाली तेव्हा रामचंद्र म्हणाला, राज्य कुणाचंही येवो, जहाजं आत आणायला माणूस लागणारच. जानेवारीत शहर पेटलं तेव्हा हे शहाणपण संपलं. त्याने बायकोपोराला आगबोटीवर चढवलं. त्याला स्वतःला बंदराच्या साहेबाने अजून सोडलं नव्हतं. पाठच्या बोटीने येतो म्हणाला आणि खाली धक्क्यावर उभा राहिला. वारा बोचरा होता आणि त्याच्या खाकी शर्टाचं वरचं बटण नेहमीसारखं उघडं होतं. सदाची आई केसर कठड्यावरून ओरडली, "वरचं बटान लावा, वारा हाय." त्याने हात वर केला. ऐकू गेलं म्हणून केला की निरोपाचा केला, ते कळायच्या आत भोंगा झाला.

पाठची बोट आली. तिच्या पाठचीही आली. रामचंद्र आला नाही. तो मेला असं कुणी येऊन सांगितलं नाही आणि जिवंत आहे असंही सांगितलं नाही.

सरकारने सिंध्यांसाठी छावण्या काढल्या होत्या. तिथे या दोघांना विचारलं, तुम्ही मराठी ना, तुम्हाला गाव आहे ना, मग जा की गावाला. आणि गावाने त्यांचं नाव ठेवलं कराचीवाले. रागावले की शिंधी.

रामचंद्राचा धाकटा भाऊ अंबाजी याने त्यांना आपल्या घराची पडवी दिली. अंबाजी वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तो वाईट दिसणार आहे. स्वतःची पोरं अर्धपोटी असताना त्याने भावाच्या माणसांना जेवू घातलं. सदाला होडीवर नेलं, तेही एकदा नाही, मोसमभर नेलं. सदा जाळ्याला हात लावण्याआधी आडवा व्हायचा. शेवटी अंबाजीच म्हणाला, "ह्याला नेन्यापरीस एक मडकं न्यावं, निदान पानी तरी ऱ्हाईल पोटात."

केसर मात्र दुसऱ्या दिवसापासून पाटी घेऊन म्हावरं विकायला बसली. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. दर नारळी पुनवेला ती जुन्या बांगड्या उतरवून नव्या भरायची. शेजारची सोनाबाई विधवा होती. तिचा नवरा वादळात गेला, त्याचं प्रेतही मिळालं नव्हतं. ती केसरला म्हणायची, "तुजा दादला म्हंजे सरकारी बोट गो. येनार येनार, नि टाइम कुनालाच ठावं न्हाय." केसरही हसायची. पहिली काही वर्षं हसायची.

कोळीवाड्याची रीत अशी की दर्यात गेलेला माणूस हाती लागला नाही तर त्याची बारा वर्षं वाट पाहायची. एक तप भरलं की दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला त्या माणसाचं कापड घालायचं आणि त्याचं नाव घेऊन अग्नी द्यायचा. मग त्याची बायको विधवा. तोवर नाही. विधी केला नाही तर गेलेला माणूस तहानलेला राहतो आणि घरच्याच होडीभोवती फिरतो, असं सगळे मानत. अंबाजीच्या होडीची डोलकाठी मोडली. पुढच्या मोसमात जाळं खडकात फाटून गेलं. अंबाजी बोलायला लागला.

"वयनी, तप भरत आलं. दर्यात गेलेल्याची आपुन इतकीच वाट बगतो."

"ते दर्यात न्हाय गेले," केसर म्हणाली.

"मंग कुठं गेला?"

"धक्क्यावर हाईत. मी बगितलंय."

अंबाजीने सदाला गाठलं. सदा तेव्हा मुंबईत कामाला होता, सणापुरता घरी आलेला. सदाने काकाला ताडकन सांगितलं, "आई जिती आहे तोवर तिच्या कुंकवाला कुणी हात लावायचा नाही. मी लेक आहे, मी सांगतो." हे त्याने आईसमोर सांगितलं. केसरने त्या दिवशी त्याला कोलंबी करून घातली.

सदा मुंबईला कसा गेला, ते सांगायला हवं. दिवाळीनंतर मुरुडला तंबूतला सिनेमा यायचा. एका वर्षी त्यांचं मशीन मध्येच बंद पडलं, लोक कनात फाडायला उठले, आणि कराचीत ऑपरेटरच्या खोलीत बालपण घालवलेल्या सदाने पट्टा बसवून ते चालू केलं. तंबूवाल्याने त्याला तिथेच ठेवून घेतलं. माणगाव, बोर्ली पंचतन, महाड असा तो तंबूबरोबर हिंडला. जमिनीवर असल्यामुळे ओकला नाही. मग तंबूवाल्याचीच चिठ्ठी घेऊन मुंबईला एका सिनेमावाल्याकडे गेला. हा लधाराम. कराचीत त्याचं स्वतःचं थेटर होतं. ते गेलं, आणि आता तो भाड्याच्या शेडमध्ये मारामारीचे सिनेमे काढत होता. दारात कोळ्याचाच वाटावा असा काळा, किडकिडीत पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "साईं, कीअं आहियो?" लधारामने मान वर केली. कसे आहात एवढंच त्याने विचारलं होतं, पण ज्या भाषेत विचारलं ती ऐकून म्हाताऱ्याचे डोळे भरले. कोळ्याच्या पोराला सिनेमात घेतलं ते सिंधी भाषेने. गावात ज्या नावाने शिवी बसायची, त्याच नावावर इथे भाकरी मिळाली.

पुढची दहाएक वर्षं त्याने रिफ्लेक्टर उचलले, क्लॅप दिली, नटांचे डबे आणले, मग दिग्दर्शकाचा सहायक झाला. दिग्दर्शक पिऊन पडलेला असेल त्या दिवशी सिनेमा सदाच काढायचा, नाव दिग्दर्शकाचं लागायचं. असे दोन सिनेमे त्याने पुरे केले. शेडमधल्या लोकांना त्याची एक खोड ठाऊक होती. त्याचा 'कट' उशिरा यायचा. सीन संपला, नटाने शेवटचं वाक्य टाकलं, तरी सदा गप्प. कॅमेरा चालूच. नट बिचारा आता काय करायचं म्हणून बघत राहायचा, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते सदाला हवं असायचं. लधाराम कपाळाला हात लावायचा. "साईं, फिल्म फुकट मिळते काय? माणूस मेला की कट म्हण ना. मेल्यावर आणखी काय करणार आहे तो?"

"बघू या ना, शेठ," सदा म्हणायचा.

साठ साली लधारामने त्याला स्वतःचा सिनेमा दिला. गोष्ट सदाचीच. दर्यात गेलेल्या खलाशाची बायको वाट पाहते, तप भरतं, गाव विधी करायला लावतं. शेवटी पानांचा माणूस जळतो आणि ती किनाऱ्यावर राहते. लधाराम कबूल झाला त्याचं कारण साधं होतं. शूटिंग मुरुडला करायचं, सेट बांधायला नको, गर्दीला कोळीवाडा आयता. मात्र ठरल्या दिवशी सामान परत गेलं पाहिजे. कॅमेरा भाड्याचा होता.

केसरने गोष्ट ऐकली तेव्हा ती बोंबील वाळत घालत होती. काठीवर बोंबील अडकवता अडकवता तिने विचारलं, "मंग शेवटाला तो येतो का न्हाय?"

"नाही येत."

"येऊ दे की. तुज्याच हातात हाय ना?"

सदाने पुढचा बोंबील तिच्या हातात दिला.

नटी होती कोकिळाबाई. गुणी बाई. गुडघाभर चिखलात उभी राहिली, डोक्यावर माशाची पाटी घेऊन खरी चालली. शेवटच्या दिवसापर्यंत सगळं सुरळीत झालं. शेवटच्या दिवशी, संध्याकाळच्या उन्हात, विधीचा सीन होता. कोळणी स्मशानात जात नाहीत. भरतीचं पाणी जिथवर येतं त्या रेषेपर्यंत येतात. तिथे विधवांनी बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं आणि पुरुषांनी तिरडी उचलायची. दुपारी कोकिळाबाईंनी सदाला बाजूला बोलावलं.

"सदाभाऊ, पाण्यात उडी मार म्हणालात तर मारीन. पण बांगडी फोडून घेणार नाही आणि कुंकू पुसणार नाही. माझ्या लग्नाला वर्ष नाही झालं."

"अहो बाई, कुंकू मेकअपचं आहे."

"कपाळ माझं आहे ना?"

त्याने समजावलं, मग ओरडला, मग हात जोडले. बाई रडायला लागली पण हलली नाही. लधारामने तोड काढली. "चेहरा नको. हात दाखव नुसते. हात कुणाचेही असतात."

हात कुणाचे आणायचे? कोळीवाड्यातल्या सवाष्णींनी नुसतं कळल्याबरोबर दारं लावून घेतली. सदा विधवांकडे गेला तर सोनाबाई म्हणाली, "आमच्या हातात काय हाय फोडायला? तू शिकलेला ना रं?"

ऊन उतरायला लागलं तसा सदा पडवीत येऊन बसला. केसरने त्याचं तोंड पाहिलं आणि काय ते विचारून घेतलं.

"मंग तुजा शिनेमा बंद पडंल?"

"कॅमेरा उद्या परत जातोय. शेवट नसेल तर शेठ तरी काय करणार?"

केसरने हातातल्या बांगड्या मनगटावर मागे सारल्या. "हातच ना?"

"आये, नको."

"हातच ना, इचारते."

"हातच. फक्त बांगड्या. कुंकवाला कुणी हात लावणार नाही, तुझं तोंडच येणार नाही त्यात."

"खोटंच हाय ना सगळं?"

"खोटंच."

"बांगड्या काय, पाटी उचलताना पन फुटतात. उद्या भरीन नव्या. चल."

इथवर सदाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण याच्या आधी सकाळीच त्याने एक गोष्ट केली होती, आणि तिथे त्याची बाजू घ्यायची सोय नाही. पानांच्या माणसाला घालायला मुंबईहून आणलेला शर्ट नवा दिसत होता. सदाला जुना हवा होता, मिठाने आणि उन्हाने विटलेला. आईच्या ट्रंकेत बापाचा खाकी शर्ट होता. निघताना घाईत सामानात आलेला, धक्क्यावर घातलेल्या शर्टाचाच जोड. बापाचा फोटो घरात नव्हता. तो शर्टच होता. सदाने तो काढला आणि कपडेवाल्याकडे दिला. पेटवायचा आहे हे त्याला ठाऊक होतं. मनाशी म्हणाला, चिंधीच झालीय त्याची, शेवटच्या घटकेला बदलू. शेवटच्या घटकेला कोण काय बदलतं?

किनाऱ्यावर तयारी अंबाजीने केली होती. सदानेच सांगितलं होतं, तुम्ही जसं करता तसंच हवं, मी काही शिकवणार नाही. अंबाजीने भटजी खरा आणला होता. थोड्या अंतरावर न्हावी पेटी घेऊन बसला होता.

"न्हावी कशाला?" सदाने विचारलं.

"खरं दिसाया पायजे ना?" अंबाजी म्हणाला. तो सकाळपासून उपाशी होता. तोंड सुकलं होतं.

सदाने त्याच्याकडे पाहिलं. आणखी विचारायला हवं होतं हे त्याला कळलं, आणि विचारलं तर काय उत्तर येईल तेही कळलं. कॅमेरामन हाक मारत होता. सूर्य काठीभर वर उरला होता.

केसर ओल्या वाळूत बसली. कॅमेरा खाली लावला होता. त्याला दिसत होते तिचे हात, मांडी, आणि समोर तिरडीवर पानांचा माणूस छातीपर्यंत. तिने अजून मान वर केली नव्हती. क्लॅप पडली. भटजीने पाणी सोडलं, मंत्र म्हणू लागला, आणि थांबून अंबाजीकडे पाहिलं. अंबाजी स्पष्ट म्हणाला, "रामचंद्र." बापाचं नाव, बापाच्या बापाचं नाव, कुळाचं नाव. भटजीने तीच नावं घेऊन मंत्र पुढे चालवला.

सदा कॅमेऱ्याशेजारी उभा होता. त्याने 'कट' म्हणायला तोंड उघडलं होतं, असं कॅमेरामन पुढे सांगायचा. पण त्याच वेळी केसरने नाव ऐकून मान वर केली आणि तिला शर्ट दिसला. कॅमेऱ्याला ते दिसलं नाही. कॅमेऱ्याला एवढंच दिसलं की मांडीवरचे हात एकदम एकमेकांत गुंतले आणि बांगड्या किणकिणल्या. असले हात सदाने दहा वर्षांत कुठल्या नटीचे पाहिले नव्हते. तो थांबला.

सोनाबाई पुढे झाली. तिने केसरचं मनगट धरलं, दगडावर टेकवलं. बांगड्या फुटल्या. एक हात, मग दुसरा. काच वाळूत पडली. ठरलं होतं ते इथे संपलं. सोनाबाईने ओंजळभर समुद्राचं पाणी घेतलं आणि ओला तळवा वर नेला. तळवा कॅमेऱ्याच्या चौकटीच्या बाहेर गेला. सिनेमात तो दिसत नाही. सदाला दिसला. त्याला सगळं कपाळ दिसलं, त्यावरून फिरणारा तळवा दिसला आणि नाकावरून उतरणारं लाल पाणी दिसलं. आईने तोंड फिरवलं नाही. ती शर्टाकडे बघत होती.

चौकटीत रिकामे हात होते. बायकांनी गळा काढला, पुरुषांनी तिरडीला हात घातला, दुसऱ्या कुणाही दिग्दर्शकाने इथे 'कट' म्हटलं असतं. सदा गप्प. तेव्हा केसरचा उजवा हात पुढे गेला. मनगटावर काचेचा ओरखडा होता. बोटं शर्टाच्या गळ्यापाशी गेली, वरचं उघडं बटण चाचपलं, आणि तिने ते काजात घातलं. तिरडी उचलली गेली. हात तिथेच हवेत राहिला.

मग सदा 'कट' म्हणाला.

पुढे अंबाजी पेटता चूड घेऊन त्याच्याकडे आला. "घे. तू लेक." सदा म्हणाला, मला कॅमेऱ्यापाशी राहायला हवं. अंबाजीने क्षणभर वाट पाहिली आणि अग्नी स्वतः दिला. न्हाव्यापुढे बसला, समुद्रात बुडी मारली आणि घरी गेला. तो मोकळेपणाने रडत होता. आपण भावाला पाणी पाजलं असंच त्याला वाटत होतं, आणि त्याच्या हिशेबाने ते खरं होतं.

पडवीत केसर पांढऱ्या कपाळाने बसली होती. सदा म्हणाला, "आये, खोटं होतं ते. लाव कुंकू."

"नाव खरं घेतलान. ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"सोनीचा हात वर आला. बगितलास?"

"बघितला."

"मंग थांबवला का न्हाईस?"

सदाला पुष्कळ काही सांगता आलं असतं. त्याने खरं तेच सांगितलं. "उजेड जात होता."

केसरने मान हलवली, बाजारात कुणी भाव सांगितल्यावर हलवावी तशी. उठली आणि वाळलेले बोंबील काठीवरून काढू लागली. शर्टाबद्दल तिने विचारलंच नाही. सदाने कुंकवाचा करंडा आणून पुढे ठेवला, तेव्हा दारातून सोनाबाई म्हणाली, "एकदा पुसल्यावर परत लावायचं म्हंजे दुसरा दादला केल्यासारखं, बाबा. तू जा आता शिनेमा घेऊन." तिने केसरच्या पाठीवर हात ठेवला. ती दुष्टपणाने बोलली नव्हती. तिला सोबत मिळाली होती.

सिनेमा मुंबईत लागला आणि उतरला. नाव सांगून उपयोग नाही, ते भिंतीवरच्या कागदापुरतंच होतं. एका वर्तमानपत्राने मात्र लिहिलं की चित्रपट सामान्य आहे, पण शेवटी बटण लावणारे हात विसरता येत नाहीत. ते वाचून दुसऱ्या एका निर्मात्याने सदाला बोलावलं. "तसला एक शॉट आमच्यात टाक," म्हणाला. सदाने टाकला. एकदा विधवा होणारी बाई, एकदा लेक गेलेली आई. चांगल्या नटी होत्या. त्या रडल्या, त्यांनी जे करायचं ते केलं, मग सदा थांबून राहिला. कॅमेरा चालू. बाया त्याच्याकडे बघू लागल्या. काही आलं नाही. फिल्म वाया गेली. तिसऱ्यांदा त्याला कुणी विचारलं नाही. लधारामही मधल्या काळात वारला. मरण्यापूर्वी त्याने विचारलं होतं, "साईं, ते हात कुणाचे होते?" सदाने सांगितलं, गावातल्या एका बाईचे.

चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला सदा परत तंबूवाल्याकडे मशीन चालवायला लागला. जिथून निघाला तिथेच आला, फक्त केस पिकायला लागले होते. त्याचा सिनेमा आता स्वस्तात मिळत होता. तंबू मुरुडला लागला तेव्हा तंबूवाल्याने मुद्दाम तोच आणला. गावचा सिनेमा म्हणून गर्दी होईल हा त्याचा अंदाज खरा ठरला. लोक स्वतःला बघून हसले, कोळी हिंदीत भांडतात ते बघून आणखी हसले. "हा बग अंबाजी. मेल्याला हिंदी येतंय."

केसर पहिल्या खेळाला आली. सोनाबाईशेजारी, विधवांच्या घोळक्यात बसली. सदा मशीनपाशी होता. शेवटचं रीळ चढलं. पडद्यावर हात आले, कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले. बांगड्या किणकिणल्या. केसर उठली आणि कनात वर करून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, तेवढंच पाहिलं आणि उठून गेली. तिसऱ्या दिवशीही. हात भरलेले असेपर्यंत बसायचं आणि दगड यायच्या आत निघायचं.

चौथ्या दिवशी दुपारी सदाने रीळ काढलं. किणकिणाट संपतो तिथे कात्री लावली. पुढची सगळी पट्टी काढून टाकली, दगड, काच, बटण, आणि थेट जळणारी चिता जोडली. दहा वर्षं राबून जी एक गोष्ट हाताला लागली होती, ती पत्र्याच्या डब्यात टाकली. त्याला बरं वाटलं. आईला आता उठावं लागणार नाही, एवढाच त्याचा विचार होता.

त्या संध्याकाळी हात आले, किणकिणले, आणि एकदम चिता पेटली. लोक ओरडले. "सदा, खाल्लंस काय रं मधलं?" "सोनाबायचा हात खाल्लान." शिट्ट्या झाल्या. केसर अर्धी उठली होती, ती तशीच राहिली. खेळ सुटल्यावर ती मशीनपाशी आली.

"कापलास?"

"व्हय."

"कुठं हाय?"

त्याने डबा दाखवला. तिने पट्टी उचलली, कंदिलासमोर धरली. बारीक बारीक चौकोन. तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांना काय दिसलं कोण जाणे. पण ती बराच वेळ एकाच जागी बघत होती.

"ह्यो त्यांचा सदरा."

"व्हय."

"जोड परत."

"आये, तू रोज उठून जातेस."

"मी जाते ते माजं मी. तू तवा थांबवला न्हाईस, तर आता कशाला थांबवतोस?" ती ओरडली नाही. माशाचा भाव सांगावा तसं बोलली. "तेवडंच बटान लागलंय त्यांचं. ते पन कापलास तू."

सदाला आगबोटीचा कठडा आठवला, बोचरा वारा आठवला, आणि आई खाली ओरडून काय सांगत होती ते आठवलं. शॉट घेताना आठवलं नव्हतं. नंतर इतकी वर्षं, वर्तमानपत्रात वाचतानासुद्धा, आठवलं नव्हतं. बटण त्याला बटणच वाटलं होतं.

त्याने दुसऱ्या दिवशी पट्टी जोडली. पहिल्या खेळाला केसर आली. हात आले. ती उठली नाही. दगड आला, काच पडली, शेजारी सोनाबाईने पदर तोंडाला लावला. रिकामे हात पडद्यावर राहिले, खूप वेळ राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, "बास कर रं सदा." मग बोटं पुढे गेली. बटण लागलं. जोडाच्या जागी पट्टी जरा अडखळली आणि पुढे सरकली.

खेळ संपल्यावर केसर पाटी डोक्यावर घेऊन, मशीनकडे न बघता, बायकांबरोबर निघून गेली. सदाने रीळ उलटं गुंडाळायला घेतलं. कनातीबाहेर दुसऱ्या खेळाची माणसं उभी होती आणि आत सोडा म्हणून ओरडत होती.